मिळकत क्रमांक दोनशे चौदा-अ

६ जानेवारी, सोमवार

खोदाई परवानगीची या हंगामातली चौथी फाइल. इंटरनेटच्या केबलसाठी वरच्या आळीत सहाशे मीटर चर. ठेकेदार मुंबईचा, त्याचा सुपरवायझर मयेकर इथलाच, हातखंब्याकडचा. फाइलबरोबर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. परत केला. शिपाई दिवसभर नाराज.

रत्नागिरीत येऊन आठ महिने झाले. नगर परिषदेत कनिष्ठ अभियंता, परिविक्षेवर. कायम व्हायला अजून वर्षभर तरी आहे. गावात मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे खड्डेवाली. खड्डे मी पाडत नाही, पाडणाऱ्यांना परवानगी देते. हा फरक घरमालकाला नीट समजावून सांगितला. तो म्हणाला, "एकूण एकच ना हो मॅडम."

परवानगीपत्राच्या एकोणीस अटी टाइप केल्या. टाइप कसल्या, मागच्या फाइलमधून उचलल्या. एका वेळी पन्नास मीटरपेक्षा जास्त चर उघडा ठेवायचा नाही. कडेने फिती, अंधारात लाल दिवे. माती थराथराने दाबून भरायची. पावसाळ्याआधी रस्ता पूर्ववत. अकरावी अट मात्र मी स्वतः घातलेली: प्रत्येक मिळकतीच्या वापरातील दारासमोर चरावर लोखंडी पत्रा आणि धरायला कठडा. शहर अभियंता, म्हणजे आमचे साहेब, तेव्हा म्हणाले होते, "एवढं वाचतं कोण?" मी वाचते.


९ जानेवारी, गुरुवार

संयुक्त पाहणी. पाणीवाले आले, वीजवाले आले, टेलिफोनवाले नेहमीप्रमाणे आले नाहीत. आळीच्या टोकाला चुन्याची फक्की मारून चराची रेघ आखत होतो, तेवढ्यात गडग्याच्या, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाच्या, आतून आवाज आला.

"अहो, तिथनं नका नेऊ. खाली टेलिफोनची जुनी केबल आहे. तीन फुटांवर."

गडग्यावर एक पांढरं डोकं. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला.

मयेकर म्हणाला, "आजी, नकाशात नाय ती."

"नकाशात मी पण नाही. म्हणून मी नाही की काय?"

खड्डा घेऊन बघितला. तीन फुटांवर, मनगटाएवढी जाड. मयेकरचं तोंड बघण्यासारखं झालं. रेघ दोन फूट सरकवली.

बाईंनी मला चहाला आत नेलं. शेट्येकाकू. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. यजमान त्याच खात्यात केबल जोडायचे, ही केबल त्यांनीच टाकलेली. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा उदय डोंबिवलीला.

घराचं आळीवरचं फाटक चिरे लावून बुजवलेलं आहे. का, तर डांबराचे थर चढत चढत रस्ता गुडघाभर वर आला, घर राहिलं खाली आणि पावसाचं पाणी उंबऱ्यावरून आत. मग यजमानांनी बाजूच्या पाखाडीवर दार काढलं. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, खालच्या रस्त्याला उतरणारी. माझ्या गावी, औशाला, असलं काही नाही, सगळं सपाट. काकू म्हणाल्या, "तुझ्याच ऑफिसने माझं फाटक बंद केलंन गो. आणि तूच चहा पित्येस."

आठ महिन्यांत या गावात कुणी मला घरात बसवून दिलेला हा पहिला चहा. साखर फार होती. दोन कप घेतले.


१९ जानेवारी, रविवार

कपडे धुतले. भांडी घासली. दुपारी झोपले, उठले तर चारच वाजलेले. भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले. आईचा फोन सोडला तर दिवसभरात तोंडातून निघालेले एकूण शब्द: "अर्धा लिटर", "सुटे नाहीत".

तो फोन पुलावर असताना आला. "काय करायलीस?" म्हटलं, मैत्रिणींबरोबर फिरायला आलेय. मागे समुद्राचा आवाज होता म्हणून बरं, तिला खरं वाटलं.


२ फेब्रुवारी, रविवार

काकूंचा सकाळी ऑफिसच्या नंबरवरून शोधून काढून फोन. "रविवारी ऑफिसात कोण उचलेल म्हणून वॉचमनकडनं तुझा नंबर घेतला. आंबोळ्या घातल्येत. येत्येस?"

गेले. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ. सहा खाल्ल्या. मी ज्वारीचं पीठ नेलं होतं, भाकरी थापून दाखवली. काकू बघत राहिल्या. म्हणाल्या, "हातात भजनाचा टाळ दिलान कुणी तुझ्या? आवाजाने शेजारी गोळा होतील."

शेजारी गोळा होण्याचा प्रश्नच नाही. आळीत चौदा घरं, दिवा लागतो सहांत. बाकीचे मुंबईला. काकू कुणाच्या घराची किल्ली सांभाळतात, कुणाच्या तुळशीला पाणी घालतात. म्हणाल्या, "उदय सांगतो, डोंबिवलीला चल. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे पाच घरांच्या किल्ल्या आहेत, मी कशी येणार?"

उठवत नव्हतं. साडेसहाला काकूंनीच विचारलं, "तुला कुणी वाट बघणारं नाही का गो घरी?" नाही म्हटलं. मग परत चहा.


२३ फेब्रुवारी, रविवार

सलग चौथा रविवार. आता बोलवावं लागत नाही.

काकू मला आळीच्या तक्रारीही सांगतात, एक्स्चेंजच्या पद्धतीने. आधी नाव, मग ठिकाण, मग काय हवं ते, चार वाक्यांत. कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण. खालच्या नळाची गळती. स्वतःचं कधीच काही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ऑपरेटरने स्वतःचा कॉल लावायचा नसतो. लाइन लोकांची."


१५ मार्च, शनिवार

शिमगा. गाव भरून गेलंय, मला ओळखता येईना. बंद घरांची दारं उघडली, अंगणात गाड्या. आळीत पालखी येऊन जाईपर्यंत कुदळ मारायची नाही, असं मयेकरने मलाच बजावलं. परवानगीत नसलेली विसावी अट. त्याचे मजूरही गावाला.

काकूंकडे उदय आलाय, बायको आणि मुलीसह. आज पालखी त्यांच्या दारात नाचवली. मी पाखाडीच्या खालच्या टोकाला गर्दीत उभी होते. काकू नवीन नऊवारीत, ओटी भरताना. त्यांनी मला बघितलं नाही, हाक मारण्यासारखंही नव्हतं. परत आले, खिचडी लावली.

मत्सर वाटला. लिहूनच ठेवते. त्यांच्या मुलाचा, त्याच्याच घरी आल्याबद्दल. काय ही अक्कल.


२४ मार्च, सोमवार

काम सुरू. सकाळी अर्धा तास उभी राहिले. चर सरळ, फिती लावलेल्या. मयेकर म्हणाला, "तुमची अकरावी अट लक्षात हाय मॅडम. घरपट्टी खात्याकडनं यादीच घेतली. चौदा मिळकती, चौदा पत्रे." यादी छान केलीय त्याने. अशी माणसं आमच्या ऑफिसात हवीत.

मार्चअखेर. टेबल दिसत नाही.


२७ मार्च, गुरुवार

आज सत्तावीस फाइली. पाठ गेली. मयेकरने पाहणीपत्रक आणलं. मिळकत क्रमांक, पत्रा टाकला, फोटो जोडला, चौदा ओळी, खाली "प्रत्यक्ष पाहणी केली" आणि माझी सही. साइटवर जायला वेळ नव्हता. फोटो व्यवस्थित होते. केली सही.

सही करतानाच काकूंचा फोन. "अगो, एक सांगायचं होतं..." म्हटलं, काकू, फार कामात आहे, संध्याकाळी करते. "बरं बरं, लाइन बिझी," म्हणाल्या आणि ठेवला. संध्याकाळी राहूनच गेलं. उद्या करीन. तसंही रविवारी पाडव्याला जाणारच आहे.


२९ मार्च, शनिवार

लिहिते, नाहीतर उद्या मी मलाच वेगळं सांगेन.

सकाळी दहाला मयेकरचा फोन. "मॅडम, आळीत एक म्हातारी चरात पडली. सिव्हिलला नेली. आपला काय संबंध नाय, पत्रा होता."

मी विचारलं, कुठली मिळकत?

"दोनशे चौदा-अ."

मी म्हटलं, ठीक आहे, फोटो पाठवून ठेवा. हो, असंच म्हटलं. अगदी शांतपणे.

फोटो आला. पत्रा स्वच्छ, कठडा मजबूत. पत्र्यापलीकडे चिरे लावून बुजवलेलं फाटक.

तिथे जाऊन मी दहा वेळा तरी चहा प्यायलेय. घराचा नंबर मला माहीत नव्हता. मला पाखाडी माहीत होती, आंबोळ्या माहीत होत्या. घरपट्टीच्या कागदावर दार अजून आळीवरच आहे, मयेकरने यादीप्रमाणे तिथे पत्रा टाकला. चर मात्र आळीतून वळून पाखाडीच्या तोंडाशी आलेला, खऱ्या दारासमोर, दीड मीटर खोल, उघडा. काकूंनी स्वतःच एक फणसाची जुनी फळी टाकून घेतली होती. तीन दिवस त्यावरून ये-जा केली. आज गुढीसाठी आंब्याचा टहाळा आणायला निघाल्या आणि फळी फिरली.

गुरुवारचा फोन त्यासाठी होता.


३० मार्च, रविवार, पाडवा

सिव्हिल. खुबा मोडलाय, मंगळवारी ऑपरेशन. काकू गादीत बुडून लहान दिसतात. मला बघून म्हणाल्या, "आलीस? जेवलीस का?" मी काही बोलायच्या आत नर्सला सांगितलं, "ही माझी ओळखीची. इंजिनीर आहे."

जबाब घ्यायला पोलीस आला होता. कुठे पडलात? काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाणीत. पाय घसरला. शेजाऱ्यांनी बाहेर आणून ठेवलं, म्हणून लोकांना वाटलं चरात." पोलिसाने लिहून घेतलं. काकूंनी खाली सही केली, अक्षर वळणदार.

तो गेल्यावर मी म्हटलं, काकू, हे काय? "गप बस. तुझी नोकरी कच्ची आहे, तूच सांगितलं होतंस."

मी गप्प बसले. सुटल्यासारखं वाटलं. पाच मिनिटंच असेल, पण वाटलं. त्याची लाज रिक्षात वाटली.


१ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशन झालं. उदय बाहेर बाकावर. रात्रभर गाडी चालवून आलाय. मला म्हणाला, "आई सांगते न्हाणीत पडली. मग चरात फळी कशी काय पडलेली? तुम्ही नगर परिषदेत ना? जरा बघा ना मॅडम." म्हटलं, बघते.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. सगळं, फोनसकट. साहेबांनी पंखा वाढवला. म्हणाले, "पत्रा आहे. फोटो आहे. सही आहे. बाई स्वतः म्हणतात न्हाणीत पडले. तक्रार अर्ज नाही. मग तुम्हाला नेमकी हौस कसली आहे?"

म्हटलं, प्रत्यक्ष पाहणी केली असं लिहिलंय, ती केली नव्हती.

"या खात्यात सगळ्या पाहण्या प्रत्यक्ष झाल्या असत्या तर ऑफिसात बसून सह्या कोणी केल्या असत्या? घरी जा. झोपा." माणूस वाईट नाही. दारापर्यंत सोडायला आले.

पाखाडीच्या चरावर आज पत्रा टाकला. मयेकर स्वतः उभा होता. म्हणाला, "मॅडम, आईशप्पत, यादीत दार आळीवर हाय." खरंच आहे.


४ एप्रिल, शुक्रवार

आज सगळं उलगडलं आणि फार वाईट उलगडलं.

काकूंना उशीला टेकवून बसवलेलं. उदय मी आणलेल्या डब्यातली पेज देत होता. म्हणाला, "बाहेर कुठे पडली असतीस तर म्हटलं असतं, रस्ता वाईट. पण स्वतःच्या न्हाणीत पडतेस, म्हणजे आता एकटं राहणं संपलं. घर बंद करूया. किल्ल्या ज्याच्या त्याला देऊन टाकतो." रागाने नाही, प्रेमानेच बोलत होता.

काकूंनी पेज खाल्ली. मी समोर बसलेली.

म्हणजे त्या एका वाक्याने माझी नोकरी राहिली आणि काकूंचं घर गेलं. हे त्यांना तेव्हाच कळलं असणार, चार वाक्यांत अख्ख्या आळीची तक्रार मांडणाऱ्या बाई आहेत त्या. मला कळायला पाच दिवस लागले. मी खरं सांगितलं तर त्यांना म्हणता येईल की मी धड होते, माझ्या दारात खड्डा होता. नाही सांगितलं तर त्या न्हाणीत पडणारी म्हातारी होऊन डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर.

आईला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने ऐकून घेतलं. मग, "पोरी, बापाच्या मागं तुला कसं शिकवलंय मी, माहीत हाय ना. नोकरी हातची घालवू नको." मग परत, "ती बाई तुला जेवायला घालायची का?" हो म्हटलं. "मग मला कशाला इचारायलीस," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.


७ एप्रिल, सोमवार

अहवाल दिला. एक पान. दि. २७ मार्च रोजी मी प्रत्यक्ष पाहणी न करता सही केली. मिळकत क्र. २१४-अ चे वापरातील दार पाखाडीवर आहे हे मला वैयक्तिकरीत्या माहीत होते. तेथे पत्रा नव्हता. श्रीमती शेट्ये यांनी त्याबाबत कळवण्यासाठी केलेला फोन मी घेतला, पण ऐकून घेतला नाही.

साहेब म्हणाले, "शेवटचं वाक्य कशाला? ते कुठल्याच नियमात बसत नाही." काढलं नाही. आवक क्रमांक पडला. बाहेर आले तर टेबलावरची माणसं एकदम कामाला लागली.


९ एप्रिल, बुधवार

आधी उदयला सांगितलं, कॉरिडॉरमध्ये. अहवालाची प्रत दिली. त्याने दोनदा वाचली. "म्हणजे तुम्ही रोज डबा घेऊन येत होतात ते यासाठी," म्हणाला. त्यासाठी नव्हतं. पण आता कोण मानणार. तो पुढे जे बोलला ते लिहीत नाही, त्याचा हक्क होता.

मग आत गेले. काकूंना सांगितलं की खरं लिहून दिलंय, आता तुम्ही न्हाणीत पडला नाहीत. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे. डोक्यावरून हात फिरवतील असंच बहुतेक.

काकू म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं?"

नाही.

"या वयात पोलिसासमोर खोटं बोलले. आयुष्यात कधी बोलले नव्हते. आणि तू मला खोटं पाडलंस. मुलासमोर." मग भिंतीकडे तोंड करायला गेल्या, पण खुब्यामुळे वळता येईना. नर्सने येऊन वळवलं.

मी दहा मिनिटं पाठीकडे बघत बसले. डबा तिथेच ठेवून आले.


१२ एप्रिल, शनिवार

आज काकूंना डोंबिवलीला नेलं. कळलं म्हणून हॉस्पिटलच्या फाटकाशी गेले, पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. मागची सीट आडवी करून काकूंना झोपवलेलं, फक्त पाय दिसले. पायात माझेच मोजे. ऑपरेशननंतर पाय गार पडतात म्हणून दिले होते, लाल, आईने विणलेले. काढून टाकले नव्हते एवढंच. त्यातून काही अर्थ काढू नये, मोजे म्हणजे मोजे.

उदयने मला बघितलं. काच खाली केली. "घरी परत यायचं पावसाळा संपल्यावर बघू म्हणते. मी काही कबूल केलेलं नाही." काच वर. गाडी हातखंब्याच्या रस्त्याला लागली.

म्हणजे "बघू" म्हणाल्या. न्हाणीत पडलेल्या बाईला "बघू" म्हणता आलं नसतं.


१३ एप्रिल, रविवार

काही नाही.


२२ एप्रिल, मंगळवार

नोटीस आली. कर्तव्यात कसूर, खोटी पाहणी नोंदवणे, परिविक्षा समाप्त का करू नये, सात दिवसांत खुलासा सादर करावा. मयेकरच्या ठेकेदारालाही नोटीस. मयेकर भेटायला आला, भांडायला येईल असं वाटलं होतं. म्हणाला, "मॅडम, माझा पगार पण आता कटणार. पण बरं केलंत, माझी आयशी पण तिकडं एकटीच असते हो." बाकड्यावर बसून पाणी प्याला आणि गेला.

खुलाशात लिहायला काही नाही. खुलासा आधीच दिलाय.


२७ एप्रिल, रविवार

डोंबिवलीला फोन. उदयच्या बायकोने घेतला. काकू वॉकरवर चार पावलं टाकतात. "देऊ का?" मग मागे बोलणं, मग, "झोपल्यात त्या." सकाळचे अकरा वाजले होते.

मी म्हटलं, सांगा, काही काम नव्हतं.

भाकरी थापल्या. दोन पुरतात, सवयीने चार झाल्या.


२९ एप्रिल, मंगळवार

खुलासा दिला. चार ओळी. साहेबांनी आपलं मत म्हणून खाली लिहिलं: "सदर अभियंत्याने चूक स्वतःहून निदर्शनास आणली." निकाल जिल्ह्याला होईल, कधी ते माहीत नाही. तोपर्यंत टेबल माझंच.

साहेबांना विचारून पाहणीपत्रकाचा नमुना बदलला. घरपट्टीची यादी नुसती उतरवायची नाही. नवीन रकाना: घरातली माणसं प्रत्यक्षात कुठल्या दाराने ये-जा करतात, विचारून लिहिणे. कुणाला विचारलं, त्याचं नाव. साहेब म्हणाले, "दारोदार फिरणार कोण?" मी म्हटलं, मी.


६ मे, मंगळवार

वरच्या आळीतच पाण्याच्या लाइनची फाइल आली. पावसाळ्याआधीचं शेवटचं काम, पाखाडीने खाली उतरणार. आज एकटीच फिरले, उन्हात, छत्री घेऊन, दारोदार.

माणसं आधी विचित्र बघतात. कुठल्या दाराने जाता-येता? हा काय प्रश्न झाला! मग सांगायला लागली की थांबत नाहीत. एका घरी पुढचं दार फक्त पालखीसाठी, एरवी विहिरीकडून. एका घरी सासू पुढून, सून मागून, गेली सहा वर्षं. तेराव्या घरी आजोबांनी आमरस दिला, उभ्या उभ्याच. यादीतली नऊ दारं चुकीची निघाली. मुंबईकरांच्या घरांना कुलपं, त्यांना फोन करून विचारलं. सगळ्यांनी सांगितलं.

शेवटी २१४-अ. पाखाडीच्या सात पायऱ्या उतरून गेले. दाराला कुलूप, नवीन, पितळी. तुळस सुकलेली नाही, कुणीतरी पाणी घालतंय. चर भरलेला, वरून माती थोडी खचलीय.

डोंबिवलीचा नंबर लावला. या वेळी वाजत राहिला. कापला नाही, उचललाही नाही. दोनदा केला. तिसऱ्यांदा बरं दिसत नाही.

पायरीवर बसून पत्रक मांडीवर घेतलं. ज्या दाराने ये-जा होते ते: पाखाडीवरील. कुणाला विचारलं: तो रकाना मोकळा ठेवला. पुढे छापलेलं आहे, दार सध्या वापरात आहे किंवा नाही. "नाही" लिहिलं तर पत्रा पडणार नाही, कुलूपबंद घरापुढे टाकू नये असंच आहे. आणि एकदा कागदावर "नाही" गेलं की पुढची सगळी माणसं तेच उतरवत राहणार, मला ऑफिसचं माहीत आहे.

"आहे" लिहिलं. खाली प्रत्यक्ष पाहणी केली, सही, तारीख.

ही सही खरी की खोटी ते मला आज माहीत नाही. पत्रा शुक्रवारी टाकतील. मी उभी राहणार आहे.